डीलियाच्या घरचा विस्तव

लग्न होऊन डीलिया समुद्रकाठच्या त्या घरात आली, त्याच संध्याकाळी सासूने तिच्या हातात लोखंडी चिमटा दिला. म्हणाली, "गाय तुझी, कोंबड्या तुझ्या, माझा मॅकडाराही आजपासून तुझा. पण हा विस्तव माझ्या आजेसासूच्या वेळचा आहे. तो विझवून मला तोंड दाखवू नकोस."

डीलियाने तो विझू दिला नाही. दलदलीतून कापून उन्हावाऱ्यात वाळवलेला टर्फ, म्हणजे जळणाच्या मातीच्या विटा, दिवसभर भिंतीतल्या त्या मोठ्या चुलीत जळायचा. निजायच्या आधी ती निखारे राखेखाली झाकायची, संत ब्रीदच्या नावाने सासूने शिकवलेले चार शब्द पुटपुटायची, आणि सकाळी राख सारली की खाली लाल डोळा उघडाच असायचा. तिची बाळंतपणं त्या चुलीच्या उबेत झाली. सासू चुलीशेजारी बसल्या बसल्या गेली. पुढे मॅकडाराही गेला. त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असतानासुद्धा डीलिया उठून टर्फ सारून आली होती.

त्या वर्षी नाताळानंतर खाडीपलीकडच्या एका घराचं धुराडं पेटलं. माणसं वाचली, छप्पर गेलं. गॉलवे शहरातून मुलीचा, सॉर्चाचा, लगेच फोन.

"आई, धुराडं तपासून घे. नाहीतर सरळ माझ्याकडे राहायला ये."

"तुझ्या फ्लॅटात चूल कुठे आहे?"

"नाहीये, म्हणूनच ये म्हणतेय!"

असा कोलमन आला. जाडजूड, हसरा माणूस; आधी अग्निशमन दलात होता, आता घरोघरची धुराडी तपासायचा. दांड्यांची गाठोडी, ब्रश, केबलच्या टोकाला बसवलेला छोटा कॅमेरा असं सगळं त्याने स्वयंपाकघरात मांडलं आणि चुलीकडे बघून कपाळाला हात लावला.

"डीलिया, मी फोनवर काय सांगितलं होतं? चूल गार हवी."

"गार नाही होत ती."

"आत कॅमेरा सोडायचाय. वितळेल माझा."

"मग बाहेरून बघा. तुमचे डोळे चांगले दिसतायत."

कोलमन हसला, पण हलला नाही. "तुमचं छप्पर माझ्या डोळ्यांदेखत जळालेलं मला नकोय. दोन दिवसांनी येतो. तोवर विस्तव कुठेतरी हलवा. पूर्वी नाही का, विस्तव मागायला माणसं एकमेकांच्या घरी जायची? तसा न्या कुणाकडे तरी."

पण कुणाकडे? वाडीतल्या सगळ्यांनी कधीच तेलाचे हीटर बसवले होते, चुली बुजवल्या होत्या. जुनी उघडी चूल राहिली होती ती एकाच घरात, शेजारच्या फेस्टी मॅनियनच्या. आणि फेस्टी आणि डीलियात विस्तव जात नव्हता! किनाऱ्याकडच्या वाटेवर फेस्टीने फाटक घातलं, खतासाठी समुद्राचं शेवाळ आणायला डीलियाला लांबचा वळसा पडू लागला, त्यावरून दुकानात सगळ्यांसमोर ती त्याला काय काय बोलली, तेव्हापासून बोलाचाली बंद. मॅकडाराच्या दफनाला फेस्टी आला तो सगळ्यात मागे उभा राहिला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डीलिया त्याच्या दारात उभी राहिली. फेस्टी चहाचा मग घेऊन बाहेर आला.

"वाट चुकलीस की काय?"

"तुझ्या फाटकामुळे चुकावीच लागते. ऐक, तुझी चूल हवीये मला."

"चूल? अगं, केटी गेल्यापासून पेटली नाही ती. फळी मारलीये. पुढे टीव्ही आहे."

केटी ही फेस्टीची बहीण. दोघंही बिनलग्नाची, एकाच छपराखाली म्हातारी झालेली. डीलियाने आत डोकावलं. इलेक्ट्रिकच्या शेगडीशेजारी एकच खुर्ची होती. कधीकाळी याच खोलीत तिने पायातल्या चपलांची चाळण होईपर्यंत नाच केला होता. अ‍ॅकॉर्डियनचा बाजा वाजवायला फेस्टी असायचा. तेव्हाची पोरं बॉस्टनला, लंडनला पांगली, कितीतरी मातीत गेली.

"फेस्टी, माझा विस्तव विझेल," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

फेस्टीने चहाचा मग खिडकीत ठेवला. "टीव्ही धरायला लागशील का? जड आहे."

फळी काढली तशी वाळकी काटकी, लोकर, पिसं यांचा भारा धपकन खाली आला. धुराड्यात कावळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घरं थाटली होती. डीलियाने कोलमनला फोन लावला, आणि तो भला माणूस त्याच दुपारी आला. आधी फेस्टीचंच धुराडं घासलं, कॅमेरा वरपर्यंत फिरवला, धूर सोडून वर ओढ कशी लागते ते बघितलं.

"दगडाचं काम आहे, एकदम पक्कं," तो म्हणाला. "कुणी बांधलं?"

"माझ्या बापाने," फेस्टी म्हणाला, आणि काळं झालेलं तोंड पुसत उगाच खिडकीबाहेर बघत राहिला.

संध्याकाळी डीलिया आणि फेस्टी यांनी तिच्या चुलीपाशी लोखंडी बादलीत तळाला राख, वर निखारे, वर पुन्हा राख असं भरलं. बादली मध्ये धरून चालताना वाटेत ते फाटक आलं. फेस्टीने ते एका हाताने उघडलं, उघडंच ठेवलं आणि म्हणाला, "बघ, पुढे बघ, नाहीतर दोघंही पेटू."

केटीच्या चुलीत निखारे पडले, टर्फने धूर धरला, आणि त्या वासाने फेस्टी खाली बसला तो बराच वेळ उठला नाही.

इकडे डीलियाची चूल गार झाली. कोलमनने कॅमेरा वर सोडला आणि छोट्या पडद्यावर डीलियाला आतलं चित्र दाखवलं. माळ्याच्या उंचीवर धुराड्याच्या आत उभी चीर होती, आणि चिरेपलीकडे छपराचं आडवं लाकूड. काळंठिक्कर, कोळशासारखं.

"हे असं कधीपासून?"

"कितीतरी वर्षं हळूहळू करपतंय. एखाद्या वादळाच्या दिवशी चांगली ओढ लागली असती तर..."

डीलिया मॅकडाराच्या खुर्चीत बसली. त्या लाकडाखालीच तिची मुलं झोपत असत. ज्या विस्तवाला तिने पोटच्या पोरासारखं जपलं, तोच डोक्यावर असं काही करत होता, हे तिला पचायला वेळ लागला.

"आता?"

"लाकूड बदलायचं, आतून स्टीलचा पाइप घालायचा. तोवर एक काडीही नाही पेटवायची. वचन द्या."

काम लांबलं. पाऊस, वारा, सुताराची कंबर. डीलिया रोज संध्याकाळी फेस्टीकडे जायची, कारण निखारे झाकणं हे फेस्टीच्या हातचं काम नव्हतं. त्याच्या धुराड्यातून धूर बघून पहिल्यांदा दुकानवाल्या बाई डोकावल्या, मग पोस्टातला म्हातारा, मग आणखी कुणी कुणी. कुणी सोडा ब्रेड आणला, कुणी बाटली. जुन्या भुतांच्या गोष्टी निघाल्या, त्याही दर वेळी थोड्या वेगळ्या. एकदा फेस्टीने पलंगाखालून बाजा काढला. भाता फाटला होता. त्यातून बकरीसारखा आवाज निघाला, आणि डीलिया डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"हसतेस काय? तू नाचायचीस तेव्हाही असाच वाजायचा."

"म्हणूनच मी मॅकडाराशी लग्न केलं. त्याला वाजवता येत नव्हतं."

फेस्टी बाजा बाजूला ठेवत म्हणाला, "भला माणूस होता. त्याच्या दफनाला मी पुढे यायला हवं होतं." डीलियाने त्याच्या मगात चहा ओतला.

वसंत लागता लागता कोलमनने नवा पाइप तपासला, धूर सोडून बघितला, आणि परवानगी दिली. विस्तव परत न्यायच्या आदल्या संध्याकाळी इतर मंडळी लवकर गेली. डीलियाने फेस्टीला चुलीपाशी बसवलं.

"अर्धे निखारे मी नेणार. अर्धे तुझे. पण झाकायला शिक. असे पसरायचे, मध्ये एक टर्फ, मग राख. दाबायची नाही, श्वास राहू दे."

त्याने केलं. ओबडधोबड, पण केलं.

"आणि ते शब्द? तू काहीतरी पुटपुटतेस ते?"

डीलिया गोंधळली. सासूने तिला ते कानात सांगितले होते. मोठ्याने तिने कधी म्हटलेच नव्हते. तरी म्हटले. ब्रीदच्या झग्याखाली हे घर, घरातली माणसं, दारातली गुरं सकाळपर्यंत सुखरूप असोत, असं काहीसं. फेस्टी मागोमाग म्हणू लागला आणि मधेच अडला.

"चुकलं," डीलिया म्हणाली.

"नाही, चुकलं नाही," फेस्टी म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "आमच्या आईचे शब्द वेगळे होते. त्यात गुरं नव्हती. त्यात समुद्रावर गेलेली माणसं होती. थांब..."

डोळे मिटून त्याने ते म्हटले. एक शब्द आठवायचा, मग पुढचा. एकदा थांबला, परत मागे जाऊन आला. डीलिया चिमटा मांडीवर घेऊन ऐकत होती. त्या ओळीत सासरच्या, माहेरच्या, बॉस्टनच्या, सगळ्याच माणसांना जागा होती.

सकाळी ती बादली घेऊन घरी निघाली तेव्हा फेस्टीच्या धुराड्यातून धूर येत होता. आठवड्याभराने सॉर्चा आली, नवा पाइप पाहिला, आणि संध्याकाळ झाली तरी आई घरात का नाही म्हणून शोधत शेजारी गेली. दार उघडंच होतं. कुणीतरी तिला बसायला स्टूल सरकवलं.