विचारून जायची वाट

जबाबाच्या नकलेवर खाली अंगठा – थोडा तिरका, कडेला शाई फाकलेली... गोजराबाईचा. रतनलाल वकिलांनी तो पुन्हा एकदा पाहिला आणि कागद बॅगेत सरकवला. खटला आता खिशात होता. उद्याचा युक्तिवाद तेवढा बाकी.

कायदा सरळ आहे. दुसऱ्याच्या वावरातून वीस वर्षं हक्कानं ये-जा केली, तर वाट तुमची. परवानगीनं केली, तर नाही. गोजराबाईची बैलबंडी चाळीस वर्षं इंद्रभानच्या धुऱ्यावरून, बांधावरच्या वाटेनं, जायची, आणि यंदा इंद्रभाननं – आपल्या अशिलानं – तिथं काट्या टाकून वाट अडवली. दुसरी वाटच नाही. म्हातारीचं वावर पडीक पडणार. पण कोर्ट दया पाहत नाही, नियम पाहतं, हे आपण कारंज्याच्या कोर्टात तीस वर्षं नवख्या वकिलांना सांगत आलो. म्हणूनच उलटतपासणीत एकच प्रश्न टाकला – बंडी नेण्याआधी इंद्रभानला विचारत होत्या का?

"विचारत होतो ना आमी. दुसऱ्याच्या वावरातून जाचं तं विचारा नाई लागत का?"

म्हातारी उलट आपल्यालाच रीत शिकवत होती. हसू आलं आपल्याला, हेही खरं. न्यायाधीशांनी मात्र लिहिता लिहिता मान वर करून तिच्याकडे पाहिलं होतं... किती वेळ?

सूर्य कलला होता. जैनांच्या रीतीप्रमाणे मावळायच्या आत जेवण व्हायला हवं, म्हणून रतनलाल नेहमीप्रमाणे शेजारच्या पंचफुलाबाईंच्या अंगणाकडे वळले. रस्त्यानं घर गाठायचं तर अख्खा वळसा. फाटकाशी सवयीनं म्हणाले, "जाऊ का, बाई?"

डाळ निवडणाऱ्या पंचफुलाबाईंनी मानही वर केली नाही. "रोज कायले विचारता, वकीलसाहेब? तुमचीच वाट व्हय ते."

एक पाय आत, एक बाहेर... विचारणं म्हणजे परवानगी नव्हे, माणुसकीची रीत आहे – केवढा सरळ मुद्दा! उभ्या उभ्या त्यांनी गोजराबाईचा अख्खा युक्तिवाद मनात मांडला, त्याच कलमावर, आणि तो जिंकला. मग आपला मांडून पाहिला – तोही जिंकला. स्वतःच्या हुशारीचा अभिमान वाटला. उद्या मीच जिंकणार, यात शंका नाही... पण कलम एकच, तर न्यायाधीशांनी मान वर करून काय पाहिलं? निकाल तेव्हाच लागला की काय?

"काहून थांबले?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

जेवायची वेळ टळत होती. आत टाकलेला पाय पुन्हा विचारल्याशिवाय पुढे पडेना, आणि आता विचारायची लाज वाटत होती.