बर्फाबाहेरच्या आठ नळ्या

मुलांनो, डोळे मिटा आणि आपल्या शरीरातली एक पेशी डोळ्यांपुढे आणा. तिची भिंत विटांची नाही, स्निग्ध कणांची आहे. प्रत्येक कणाला एक डोकं आणि दोन शेपट्या. आता कुणीतरी कात्रीनं एक शेपटी कापली, असं समजा. उरलेला एकशेपटी कण भिंतीत नीट बसत नाही. तो सुटतो आणि रक्तातून फिरत दुसऱ्या पेशींची दारं ठोठावतो, ‘जखम झालीय, या, भरून काढा!’ शास्त्रज्ञ त्याला लायसोफॉस्फोलिपिड म्हणतात. हाक वेळेवर थांबली तर जखम भरते. थांबलीच नाही तर फुप्फुसात व्रणावर व्रण चढतात आणि माणसाला धड श्वासही घेता येत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या होबार्टच्या एका प्रयोगशाळेत मेरिन हे कण मोजायची. मोजायची पद्धत तिनं सहा वर्षं खपून बसवली होती. तिथल्याच कॅलम नावाच्या सहकाऱ्यानं ती स्वतःच्या नावानं छापली. मेरिनचं नाव आभारात आलं, तेही नळ्या पुरवणाऱ्या दुकानाच्या खाली. तेव्हापासून मेरिन त्याच्याशी फार गोड बोलायची. इतकं गोड, की तिच्या दहा वर्षांच्या लेकीला, टेगनला, भीती वाटायची.

शाळेला सुट्टी होती म्हणून त्या दिवशी टेगन बरोबर होती. साडेदहा वाजले. ज्याचा लेख छापून येईल त्यानं सगळ्यांना चहाबरोबर केक द्यायचा, अशी तिथली रीत. आणि चहाला न जाणं म्हणजे उघड भांडण. कॅलमला केक कापायला हाका मारून नेलं. मेरिन सगळ्यांच्या शेवटी निघाली आणि त्याच्या टेबलापाशी थबकली. रक्ताच्या आठ नळ्या तशाच उभ्या होत्या. शेजारची बर्फाची बादली रिकामी.

“आई, या बर्फात हव्यात ना?”

“हव्यात.”

“मग?”

“नळीत गेलं तरी रक्तातली कात्री चालूच राहते, राणी. उबेत जास्तच. थोड्या वेळानं इतके एकशेपटी कण होतील, की कॅलमला वाटेल सगळे रोगी शेवटच्या घटका मोजतायत.”

“म्हणजे खोटं उत्तर येणार!”

“येऊ दे की.”

मेरिनला शास्त्रज्ञांची डिसेंबरची सभा दिसत होती. कॅलम छाती फुगवून आकडे दाखवील. ती हात वर करील आणि हळूच विचारील, “नळ्या किती वेळ बाहेर होत्या रे?” त्या शांततेची चव तिला आत्ताच जिभेवर आली.

“पण रक्त कॅलमचं नाहीये,” टेगन म्हणाली. “सकाळी रक्त द्यायला आलेली ती आजी खुर्चीपासून दारापर्यंत जाताना दोनदा थांबली. नवं औषध तिला द्यायचं की नाही, ते यावरूनच ठरणार ना?”

“चल. केक संपेल.”

चहाच्या खोलीत कॅलम सुरी उंचावून ओरडला, “या मेरिनबाई! मोठा तुकडा तुझा. तुझ्याशिवाय हा लेख झालाच नसता!”

“हे मात्र खरं बोललास.”

“अगं, आभार मानलेत की!” कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

मेरिनही हसली. तिनं केक अगदी सावकाश खाल्ला, वर आणखी मागून घेतला. कॅलम उठायला लागला तशी म्हणाली, “बस ना, ती सिडनीतली फजिती सांग. टेगननं ऐकली नाहीये.” कॅलमला तेवढंच हवं होतं. तो हातवारे करत रंगला. मेरिन त्याच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघत होती. पावणेअकरा. आणखी दहा मिनिटं, फक्त दहा, की नळ्यांतलं रक्त बिघडलंच.

टेगननं केकला हात लावला नव्हता. तिनं बशी बाजूला सारली आणि बुटांसकट खुर्चीवर चढली.

“कॅलम, तुझ्या आठ नळ्या पंधरा मिनिटं बर्फाबाहेर आहेत. मी पाहिल्या. आईनंही पाहिल्या.”

कॅलमचा हात हवेतच राहिला. मेरिननं बशी खाली ठेवली.

“आणि त्यातलं मोजायचं कसं, ते माझ्या आईनं शोधलंय,” टेगन थांबली नाही. “तू नाही. ऐकलं ना सगळ्यांनी?”

कुणी काही बोलायच्या आत तिनं खाली उडी मारली आणि बर्फ आणायला धावली.