पितळी अ‍ॅशट्रे

कोर्टाचा शिपाई दार लावू लागला तशी एडनाने मध्ये पाय घातला.

"बाई, पाय काढा. आता सरकारी गुपितं निघणार. बाहेरच्यांनी ऐकायची नाहीत."

"कसलं डोंबलाचं गुपित! अ‍ॅशट्रे आहे तो!"

दार लागलंच.

हेरगिरीच्या त्या खटल्यात तिघे होते. तोफांचे नकाशे विकत घेणारा गोडबोल्या जर्मन ग्रेल आणि ते विकणारा ड्राफ्ट्समन, या दोघांनी गुन्हा कबूल केला होता. तिसरा एडनाचा नवरा सिरिल, केंटमधल्या शस्त्रांच्या कारखान्यातला लेथवाला. बुद्धिबळाच्या क्लबात ओळख झालेल्या ग्रेलला लग्नाची भेट म्हणून त्याने तोफगोळ्याच्या बाद टोपणाचा अ‍ॅशट्रे करून दिला, एवढंच त्याचं पाप. सरकारी वकील त्या अ‍ॅशट्रेला नव्या गोळ्याचा नमुना म्हणत होता. जर्मनांनी नुकताच ऑस्ट्रिया गिळला होता. ज्यूरीला पडद्यामागेही हेर दिसत होते.

अहो, कारखान्यात हे कोण करत नव्हतं? लग्न असो, बारसं असो, भंगारातलं पितळ उचलायचं, जेवणाच्या सुट्टीत घडवायचं आणि कोटाखाली दडवून फाटकाबाहेर काढायचं. फोरमन टटलच्या दिवाणखान्यातलं घड्याळही तसंच आलेलं. एवढंच कोणीतरी कोर्टात बोलायला हवं होतं आणि टटल साक्षीदार म्हणून आतच होता.

तो बाहेर आला तो मान खाली घालून.

"सांगितलंत?"

"पितळ कुठलं, एवढंच विचारलं मला. कारखान्याचं, म्हणालो."

"आणि तुमचं घड्याळ?"

"एडना, माझं पेन्शन तोंडावर आलंय गं."

सिरिलला चार वर्षांची सक्तमजुरी झाली. अ‍ॅशट्रेसाठी चार वर्षं! एडनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शनिवारी चहाच्या वेळी टटल लेथवरच्या दोघांना घेऊन दारात उभा राहिला. कोटाखालून त्याने चकचकीत पितळी फोटोफ्रेम काढली.

"सिरिलचा फोटो लाव. सगळ्यांनी मिळून केलीय तुझ्यासाठी."

"फाटकातून कशी आणलीत?"

"नेहमीसारखी!" एकजण हसला.

"म्हणजे हात शाबूत आहेत तुमचे. जिभाच तेवढ्या झडल्या होत्या!"

एडनाने खुंटीवरची हॅट चढवली.

"अगं, निघालीस कुठे?"

"पोलीस चौकीत. चला तिघेही. फ्रेम मी दाखवते, कुठून आली ते तुम्ही सांगा."

तिघेही पायऱ्या उतरले आणि चौकीच्या उलट दिशेने चालू लागले. फ्रेम काखेत मारून एडना एकटीच चौकीकडे निघाली.