कुकरातला डावा बूट

पाचवीच्या वर्गात ज्याची फळा पुसायची पाळी त्यानं रोज सकाळी उठून बोलायचं आणि वर्गानं त्याला तीन प्रश्न विचारायचे, असा कुरोसे सरांचा नियम होता. तीन प्रश्न आले नाहीत तर दुसऱ्या दिवशीही पाळी त्याच्याच गळ्यात. चिनात्सुच्या गळ्यात ती नऊ दिवस होती. फळा पुसून पुसून आपला उजवा हात डाव्यापेक्षा जाड झालाय, हे तिनं पट्टी लावून मोजलं होतं.

ती वाईट बोलायची असं नाही. उलट इतकं बारीकसारीक सांगायची की विचारायला काही उरायचंच नाही. मुळ्याच्या लोणच्यावर बोलली तेव्हा मिठाचं माप, वर ठेवलेल्या दगडाचं वजन, तो कुठल्या नदीतला, सगळं. वर्ग तृप्त होऊन गप्प.

शेवटी सर म्हणाले, "अगं, जेवायला बोलावतेस आणि घासही तूच चावून देतेस. थोडं पोटात ठेव की."

दहाव्या दिवशी मुख्याध्यापक मोरिवाकी नेहमीप्रमाणे फाटकाशी मुलांचं स्वागत करत उभे होते. उजव्या पायात काळा बूट, डाव्यात हिरवा गमबूट. दोनशे मुलांनी वाकून नमस्कार केला. विचारलं एकानंही नाही. असं विचारत नसतात.

चिनात्सुला सगळं ठाऊक होतं. काल ते तिच्या आजोबांकडे गो हा सोंगट्यांचा खेळ खेळायला आले होते. बर्फानं भिजलेले त्यांचे बूट आजोबांनी भाताच्या इलेक्ट्रिक कुकरात वाळत घालायला घेतले. कुकर तिघांपुरता, त्यामुळे बूट एकच मावला. मुख्याध्यापक डाव हरले, तडक उठले, आणि झाकण काही वेळेआधी उघडेना.

"काल आमच्या कुकरात एक बूट निघाला," वर्गात उभं राहून ती म्हणाली आणि बसली.

तीस हात वर. पुढची पाळी असलेल्या तात्सुकीनं विचारलं, कुठल्या पायाचा? डावा. मागून कुणीतरी विचारलं, कुणाचा? पाहुण्याचा. कुकर किती अंशांवर होता हे तिच्या जिभेवर आलेलं, तिनं ते गिळलं.

मग वर्गाच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि एकेक हात खाली आला. आता जे विचारायचं ते विचारण्यासारखं नव्हतं. सरांनी फळ्यावर प्रश्नागणिक ओढलेल्या दोन रेघांकडे पाहिलं. चिनात्सुनं डस्टरकडे.

दाराशी कुणीतरी खाकरलं. फेरीवर निघालेले मुख्याध्यापक चौकटीत उभे होते.

"वाळला का?" त्यांनी हळूच विचारलं.

सरांनी तिसरी रेघ ओढली.

"बराचसा," चिनात्सु म्हणाली, आणखी एक शब्दही न बोलता, आणि डस्टर तात्सुकीच्या बाकावर ठेवून आली.