पाटीवरचा तेली

दुबईच्या करामा वस्तीत राहणाऱ्या शालोम पेणकरांनी आईची प्रार्थनेच्या प्रसादाची, मलिद्याची परात तिथल्याच छोट्या ज्यू संग्रहालयाला दिली, तेव्हा एकच अट घातली: पाटीवर ‘शनिवार तेली’ हेच शब्द हवेत. उद्घाटनाला कडक इस्त्रीत गेले आणि परातीसमोर डोकं फिरलं. पाटीवर इंग्रजीत छापलं होतं: ‘कोकणातील ज्यू तेल-उद्योजक’.

“हे कुणी लिहिलं?”

“मी, काका.” ओळखीतली विभावरी पुढे आली. अबुधाबीत तेलकंपनीत मोठ्या हुद्द्यावर. पाटीचं इंग्रजी भाषांतर हौसेनं केलेलं. “तेली कसं दिसतं हो? उगाच जातीचं वाटतं.”

उद्योजक म्हटलं की जात धुऊन निघते, असं शिकलेल्यांना वाटतं.

“अगं, तेलीच होतो! आजा घाण्याच्या बैलामागं फिरून वाकला. इथं वाचणाऱ्याला वाटेल, पेणला आमच्या तेलविहिरी होत्या!”

गाईड सुमैय्या खुदकन हसली. “अंकल, मैंने तो स्कूल के बच्चों को पेट्रोल बताया!”

विभावरीलाही हसू फुटलं, पण हेका सुटेना. “लोक नावं ठेवतील, काका.”

काकांनी पलीकडच्या दालनाकडे बोट केलं. तिथं छळछावण्यांत मारलेल्या ज्यूंचे फोटो होते.

“तिथं जाऊन आलीस?”

“नाही बघवत.”

“बघ. कित्येकांना शेजाऱ्यांनीच धरून दिलं. नावसुद्धा उरू नये म्हणून मारलं. आमच्या शेजाऱ्यांना ज्यू म्हणजे काय, ठाऊकही नव्हतं. शनिवारी आमचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस; घाणा बंद दिसला, म्हणाले शनिवार तेली. नावं ठेवली, पण नख लावलं नाही! तेच नाव तू पुसतेस?”

विभावरी आत गेली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. लॅपटॉप उघडून म्हणाली, “यल्ला, चला काका, सांगा. तेल कसलं?”

“तिळाचं, खोबऱ्याचं. बैलघाण्यावर काढलेलं. आणि तेली ठळक अक्षरात.”

पुढच्या आठवड्यात नवी पाटी लागली. “शनिवार तेली! नो पेट्रोल!” सुमैय्यानं शाळेच्या पोरांना बजावलं. विभावरीची लेक ओवी कपाळाला आठ्या घालून पाटी वाचत होती.

“आजोबा, सो द बुल ऑल्सो गॉट सॅटर्डे ऑफ?”

पेणकर असे हसले की चष्मा नाकावरून घसरला.

“तर! धर्माची आज्ञाच आहे, बाळ. आधी बैलाला सुट्टी, मग तेल्याला.”