काळ्या वाळूचा अर्क

गाळणगुरूचं बिंग फुटलं आणि ते फोडणारा फिल्टर ऑपरेटर निलंबित झाला. पण हे घडलंच नाही असं धरून चालू या. पाणीपुरवठा कार्यालयाच्या दफ्तरातही त्या बिंगाची नोंद नाही.

तर त्या सकाळी बाजाराच्या शेडखाली एवढी गर्दी होती, की रांगेला स्वतःचं शेपूट सापडत नव्हतं. दोन महिने नळांना चहाच्या रंगाचं पाणी येत होतं. गाळणगुरू ते काळ्या वाळूच्या माठात ओतायचा आणि खालच्या भोकातून स्वच्छ पाणी ठिबकायचं. लोक हात जोडायचे.

"ही वाळू पाप पिते," गुरू सांगत होता. पूर्वी तो दारोदार मिक्सर विकायचा. आवाजात अजून दोन वर्षांची गॅरंटी होती. "आज ती पाप सोडणार. लिंबाचा रस पडला की पांढरी होणार. आणि तो अर्क पहिला कुणाला? जिच्या पोटात बाळ आहे तिला."

पहिला नंबर होता ऑपरेटरच्या ताईचा. सातवा महिना. तिच्यामागे तो पिशवी धरून उभा होता.

वाळू त्याच्या ओळखीची होती. तेवीस वर्षं ती जलशुद्धीकरण केंद्राच्या गाळण टाकीत होती. आधीच्या ऑपरेटरने निवृत्त होताना बजावलं होतं, "बाकी काय घासायचं ते घास, काळ्याला हात लावू नकोस." पण वरून तपासणी आली. काळी वाळू कळकट दिसत होती, म्हणून त्याने ती उपसून कुंपणापलीकडे टाकली आणि नवी, पांढरीशुभ्र भरली. स्वच्छतेची ढाल मिळाली. पुढच्याच आठवड्यात नळांना चहा आला.

आठ दिवसांपूर्वी गुरूच्या माठात टाकीच्या तुटक्या निळ्या तोटीचा तुकडा दिसला, तेव्हाच त्याला सगळं कळलं होतं. चिमूटभर वाळू घेऊन तो प्रयोगशाळेतल्या मॅडमकडे गेला होता.

"टाकून दिलीत?" मॅडमनी चष्मा काढला. "अहो, हा मळ नव्हे. पाण्यात विरघळलेल्या मँगनीजपासून जिवाणू वाळूवर हे काळं पुट चढवतात. नदीच्या वरच्या अंगाला मुलाम्याचे कारखाने आहेत ना? त्यांचं शिसं, निकेल या पुटाला चिकटून बसतं. तुमच्या टाकीत फुकट राबणारे कर्मचारी होते हे."

"म्हणजे माठातलं पाणी चांगलंच की," तो आशेने म्हणाला. "आता गुरू त्या वाळूत लिंबू पिळून अर्क काढणार आहे."

"पुट आहे तोवर. लिंबाने ते विरघळतं. मग तेवीस वर्षांचं पकडलेलं सगळं एकदम मोकळं."

घरी तो ताईला एवढंच म्हणाला होता, "तू अर्क पिऊ नकोस."

"का?"

"असंच."

"मग काय तुझ्या नळाचं पिऊ?"

यावर त्याच्याकडे उत्तर होतं. ते त्याने आठ दिवस गिळून ठेवलं. आताही तो वाट बघत होता, की दुसरं कुणीतरी बोलेल. दुसऱ्या कुणाला माहीतच नव्हतं, हा बारकावा त्याच्या ध्यानात जरा उशिरा आला.

गुरूने पेल्यात वाळू घेतली, लिंबं पिळली, ढवळलं. हळूहळू काळी वाळू पांढरी पडली. गर्दीतून हुंकार उठला. वरचं पाणी दुसऱ्या पेल्यात काढून त्याने ताईपुढे धरलं. ताईने हात पुढे केला.

"ताई, थांब." पेला ऑपरेटरने घेतला. "महाराज, काळं कुठे गेलं?"

"नष्ट झालं, बाळा."

"बघू या." लिंबाचा आंबटपणा मोडायला त्याने पिशवीतून सोडा काढून पेल्यात घातला. फेस बसल्यावर केंद्रातलं क्लोरीनचं पाणी ओतत राहिला. नितळ अर्क आधी पिवळा झाला, मग तपकिरी, मग काळाकुट्ट.

"पाप फारच जवळ राहत होतं," मागून कुणीतरी म्हणालं.

"ते पेल्यातच होतं," ऑपरेटर म्हणाला. "विरघळून. सोबत शिसं. ते दिसत नाही, पण पोटातल्या बाळाला बाधतं."

गुरूचा चेहरा पडला, पण जीभ उभीच होती. "ही वाळू मला धरतीने दिली."

"मी दिली. कुंपणावरून. टाकीतली होती. नळाचं पाणी बिघडलं ते माझ्यामुळे. महाराजांनी फक्त माझ्या चुकीला माठ आणला."

ताई त्याच्याकडे वळली.

"दोन महिने," ती म्हणाली. "आणि ती ढाल मी टीव्हीवर ठेवलीय. रोज पुसते."

ती एकटीच घरी गेली. संध्याकाळी त्याने कार्यालयात अर्ज दिला:

"मा. कार्यकारी अभियंता यांस. विषय: बडतर्फ जिवाणूंना सेवेत परत घेण्याबाबत. महोदय, सदर कर्मचाऱ्यांनी तेवीस वर्षं एकही रजा न घेता शहराच्या पाण्यातलं विष धरून ठेवलं. त्यांना मी केवळ रंगावरून काढलं. तरी त्यांना मागील तारखेपासून कायम करावं, माझी ढाल त्यांच्या नावे करावी, आणि यापुढे पाणी असो वा महाराज, 'काळं कुठे गेलं' हा प्रश्न विचारल्याशिवाय कुणीही पेला तोंडाला लावू नये, असं परिपत्रक काढावं. तसंच माझ्या ताईने गेल्या दोन महिन्यांत प्यायलेलं पाणी कार्यालयाने परत घ्यावं, ही नम्र विनंती."