लाल मुरूम

चेंडूचा ठसा लांबट होता आणि पांढऱ्या रेषेला जेमतेम टेकलेला. हरत असलेला खेळाडू तिथवर गेला, वाकला, आणि पंचाला काही न विचारता बुटाने ठसा पुसून परतला. टीव्हीवर टेनिसच्या अंतिम सामन्याचे आकडे आले. दोन सेट गेले होते, ६-१, ६-२, तिसऱ्यात ४-०.

"एवढा काहून वरडते हा?" तुळसा भाजी निवडता निवडता म्हणाली. "आमच्या कोंढ्याच्या बाया दिवसभर वाकून धानाचा रोवणा करतेत. हूं नाही करत."

"आई, जिंकून राहिला ना तो!" अश्वजित हसला. तो गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळत होता. सकाळी नागपूरची स्पर्धा होती. बॅग दाराशी भरून ठेवलेली.

बाबुलाल जिंकणाऱ्याचे पाय पाहत होते. तो प्रत्येक चेंडूकडे दोन-तीन फूट घसरत जाई आणि घसरतानाच मारी. चौदा वर्षांपूर्वी असाच अंतिम सामना पाहून त्यांनी जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरांमागे लाल मुरूम टाकून घेतला होता. ड्युटीआधी रोज पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. पोरगा त्याच ग्राऊंडवर घसरायला शिकला. स्पर्धा मात्र जिथे जिथे निघाल्या, तिथे सिमेंट निघालं. माती पाय सरकू देते. सिमेंट जागीच धरतं, आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. हे बाबुलालना कळलं तोवर पोराचं अंग घसरणंच शिकून बसलं होतं. दर वेळी परतीच्या बसमध्ये सांगू म्हणत, तर तो त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपलेला असे.

"बाबा, पाहा! माहाच शॉट. डिट्टो."

ते खरं होतं.

६-०. जिंकलेला मातीत उताणा पडला. हरलेला जाळीपाशी त्याच्या उठण्याची वाट बघत उभा राहिला.

"या टाइमले पहिला राऊंड पक्का काढतो," अश्वजित म्हणाला. "गुडघा एकदम ओके आहे." तो उठून उभा राहिला, टेबलाची कड धरून.

बाबुलालनी टीव्ही बंद केला. तुळसेचा हात भाजीवर थांबला.

"काय झालं, बाबा? बक्षीस तं पाहू द्या."

"तुले मातीवर शिकवलं, ते चुकलं माहं," बाबुलाल म्हणाले. "उद्या नागपूरले जाऊ नोको. त्याच्यापुढंही नोको. खेळणं बंद कर आता, बेटा."